एफ ३२.१

डिप्रेशनची शेवटची गोळी २० एप्रिल २०२५ च्या रात्री घेतली. तेव्हाच हे लिहायला बसणार होतो, पण डॉक्टर म्हणाल्या, "घाई नको सर, पावसाळा लागू द्या, मग बघू." पावसाळा लागून महिना झाला. झोप ठीक आहे, भूक ठीक आहे, म्हणून लिहितो.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. जळगाव जिल्ह्यातलं तापीकाठचं गाव, चौथीचा वर्ग, पट ३४. वय बेचाळीस. घरी बायको, सातवीतली मुलगी आणि आई. घराचं कर्ज आहे, पण हप्ता पगारातून कापला जातो, दारात कोणी येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे वर्षभर ज्याने त्याने मला एकच प्रश्न विचारला: कारण काय?

सुरुवात कधी झाली ते नेमकं सांगता येत नाही. मला आठवतं ते २०२३ च्या दिवाळीपासूनचं. पहाटे साडेतीनला डोळे उघडायचे. गजर नाही, आवाज नाही, नुसते उघडायचे. मग सहापर्यंत छतावरच्या पंख्याकडे बघत पडायचं. छातीत दगड ठेवल्यासारखं व्हायचं, दिवस वर चढला की थोडं हलकं, संध्याकाळी जरा माणसात. डिसेंबरात मित्राच्या मळ्यात भरीत पार्टी होती. पऱ्हाट्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, लाकडी बडगीत ठेचलेलं भरीत, कळण्याची भाकरी. दरवर्षी मी तिसरी भाकरी मागणारा माणूस. त्या दिवशी घास तोंडात फिरवत बसलो. चव कळत होती, तिखट कळत होतं, पण त्याचं काहीच वाटत नव्हतं.

हे "काहीच वाटत नव्हतं" जरा नीट सांगतो, कारण माझे चार महिने त्यातच गेले. डिप्रेशन म्हणजे माणूस रडतो, खोलीत कोंडून घेतो, दुःखी गाणी ऐकतो, अशी माझी समजूत होती. मी रडत नव्हतो. रोज शाळेत जात होतो. मला वाईट वाटत नव्हतं. मुलीने चित्रकलेत बक्षीस आणलं तेव्हा आनंद व्हायला हवा हे मला पाठ होतं, म्हणून मी "अरे वा" म्हणालो. ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं असावं.

मला वाटलं, पोटाचं असेल. आईलाही तेच वाटलं. "पोटमा आग पडस का रे भाऊ?" विचारत ती रोज ताकाचा पेला पुढे करायची. तालुक्याच्या गावी डॉक्टरांना दाखवलं. आम्लपित्ताच्या गोळ्या झाल्या. छातीत धडधडतं म्हटल्यावर ईसीजी झाला, तो नॉर्मल. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे दुर्बिणीतून पोटाची तपासणी, थोडी सूज. डोकं जड राहतं म्हणून सीटी स्कॅन, तोही नॉर्मल. थायरॉईड नॉर्मल, बी१२ जरा कमी, त्याची पाच इंजेक्शनं. फाईल जाड होत गेली. मार्चपर्यंत साधारण १४ हजार रुपये गेले. प्रत्येक डॉक्टरने आपापल्या अवयवापुरतं नीट बघितलं, तक्रार नाही. पण "झोप किती वाजता मोडते?" हा प्रश्न एकाने जरी विचारला असता तरी काम झालं असतं असं आता वाटतं. मीही आपणहून सांगितलं नाही, हेही खरं.

जानेवारीअखेर मागासवर्ग आयोगाचं ते सर्वेक्षण आलं. २३ जानेवारी ते २ फेब्रुवारी. मोबाईल घेऊन घरोघर फिरायचं, प्रश्न विचारायचे, भरायचे. इतर शिक्षक वैतागले होते, पण करत होते. मी एका घरासमोर वीस मिनिटं उभा होतो. कडी वाजवायची होती, एवढंच. हात उचलला जाईना. शेवटी आतल्या म्हातारीनेच दार उघडलं आणि पाणी आणून दिलं.

वर्गात मुलांच्या वह्या तपासायच्या राहू लागल्या. ३४ वह्यांचा गठ्ठा टेबलावर तीन आठवडे पडून होता. वरच्या वहीवर खडूची धूळ साचली होती आणि त्या धुळीत कोणीतरी बोटाने बदक काढलं होतं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात एका पोराने विचारलं, "सर, भागाकार तपासला का?" मी त्याची वही उचलून भिंतीवर भिरकावली. पंधरा वर्षांच्या नोकरीत असं कधी केलं नव्हतं. पोरगं रडलं नाही, त्याने गुपचूप वही उचलली आणि निघालेलं पान आत सारून ठेवलं. चिडचिड हेही याच आजाराचं लक्षण असतं, पुरुषांत तर बऱ्याचदा आधी तेच दिसतं, हे नंतर कळलं. त्या पोराची मी पुढे माफी मागितली. त्याला प्रसंग आठवत होता की नाही कोण जाणे, तो लाजून पळाला.

आईने तोवर मीठ-मिरचीने दृष्ट काढली होती. दोनदा. एकदा शेजारगावच्या भगताकडेही नेलं. मी गेलो. नाही म्हणायलाही ताकद लागते.

आपण नसलो तर यांचं बरं होईल, हा विचार मार्चमध्ये यायला लागला. मरायचंच असं काही ठरवलं नव्हतं. हिशोब करावा तसा तो यायचा: विमा इतका, पेन्शनचं असं, मुलीचं शिक्षण असं. त्या विचाराची मला भीतीही वाटत नव्हती, आणि आता मागे वळून बघताना भीती वाटते ती त्याचीच. १६ मार्चच्या रात्री बायको उठली तर मी गच्चीवर बसलेलो. ती शेजारी बसली आणि म्हणाली, "अहो, एक विचारू? तुम्ही जीव द्यायचा विचार करताय का?" सरळ, याच शब्दांत. मी हो म्हणालो. असं विचारलं की माणसाच्या डोक्यात नसलेलं भरतं, असं लोक समजतात. मला मात्र पोतं खाली ठेवल्यासारखं वाटलं.

तिने आमच्या गल्लीतल्या आशाताईंकडून (आरोग्य खात्याच्या आशा कार्यकर्ती) एक नंबर लिहून आणला होता, १४४१६. टेली मानस म्हणतात. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली सेवा, चोवीस तास, पैसे लागत नाहीत. मराठी निवडली. पलीकडची बाई घाईत नव्हती. माझं नाव तिने मागितलं, पण त्यावर अडून बसली नाही. आत्ता घरात कोण आहे, आज रात्री तुमच्याजवळ कोण झोपेल, असं विचारत गेली. चाळीसेक मिनिटं बोललो असेन. शेवटी म्हणाली, मनोविकारतज्ज्ञांना दाखवा, आठवड्यात दाखवा, आणि तोवर एकटे राहू नका.

तालुक्याला दाखवायची हिंमत नव्हती. कोणी बघितलं तर? म्हणून जळगाव. फोन केला तर नंबर मिळाला २७ मार्चचा, होळीनंतरचा. दहा दिवस. ते कसे काढले सांगत बसत नाही. बायको रजा टाकून घरी राहिली.

२७ ला सकाळच्या एसटीने जळगाव. दवाखान्यात बाकावर बसलो आणि समोर बघतो तर आमच्याच तालुक्यातले एक मुख्याध्यापक, सौंसह. ज्यांच्यापासून लपायला साठ किलोमीटर आलो तेच समोर. आम्ही दोघांनीही एकमेकांना ओळखलं नाही. दीड तास. आता भेटलो की उगीचच जास्त मोठ्याने नमस्कार करतो.

पहिली फी ६००, नंतर दर वेळी ४००. पहिल्या भेटीला पाऊण तास दिला. आधी एक कागद भरायला दिला: नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत हे किती दिवस झालं, शून्य ते तीन गुण, एकूण २७ पैकी. कशातच रस न वाटणं, झोप, थकवा, भूक, एकाग्रता, आणि शेवटचा प्रश्न तोच, गच्चीवरचा. माझे १७ आले. जन्मभर दुसऱ्यांना गुण देत आलो, म्हणून मला तो कागद का कोण जाणे बरा वाटला. नुसत्या गुणांवर निदान करत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. त्यांनी बरंच विचारलं. कधी उलट झालं होतं का, झोपेशिवाय जोर आलाय, भरमसाट खर्च केलाय, विचार पळतायत? तसं असेल तर आजार वेगळा ठरतो, औषधही वेगळं. दारू? घरात कोणाला असं झालं होतं?

तेव्हा थोरले काका आठवले. मी लहान असताना ते दोन वर्षं ओट्यावर बसून होते. शेतात जात नव्हते, दाढी करत नव्हते, कोणाशी बोलत नव्हते. घरातले हळू आवाजात म्हणायचे, "त्याले बाहेरनं शे," म्हणजे बाहेरची बाधा आहे. मग एक दिवस उठून पेरणीला गेले. त्या दोन वर्षांना आमच्या घरात काही नावच नव्हतं.

मी शेवटी विचारलंच, "पण मॅडम, कारण काय?" त्या म्हणाल्या, कारणं गोळा होत जातात. थोडं घराण्यातून येतं, थोडं आयुष्यातून, थोडं शरीरातून. मेंदूत एखादं रसायन कमी पडलं, इतकं सरळ ते नाही. झोप, भूक, हालचालीचा वेग, एखादी गोष्ट गोड वाटणं हे सगळं मेंदूच सांभाळतो, म्हणून आजार मनाचा असला तरी आधी पोट आणि छाती बोलते. २०२१ च्या एप्रिलमध्ये वडील गेले होते. ऑक्सिजनच्या बेडपासून दाखल्यापर्यंत सगळी धावपळ मी केली आणि रडलो नव्हतो. त्यांनी ते लिहून घेतलं. "असेलही, नसेलही," म्हणाल्या. "कारण सापडेपर्यंत उपचार थांबवायचे नसतात."

औषध दिलं एस्सिटालोप्राम. पहिला आठवडा ५ मिलिग्रॅम, मग १०. झोपेसाठी एक हलकी गोळी, फक्त दहा दिवस, त्यापुढे नाही हे ठणकावून. आणि चार गोष्टी सांगितल्या: गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतील, त्रास मात्र पहिल्या दिवसापासून होऊ शकतो, मनाने बंद करायचं नाही, तो विचार वाढला तर वेळ न बघता फोन करायचा. गोळ्यांचा डबा बायकोच्या ताब्यात.

त्रास झाला. मळमळ, पातळ संडास, दात आवळले जाणं, पाय सारखे हलवत राहावेसे वाटणं. पाचव्या दिवशी मी गोळ्या बंद करायचं ठरवलं होतं. दवाखान्यात फोन केला तर उत्तर आलं: जेवणानंतर घ्या, दहा-बारा दिवसांत कमी होईल. अकराव्या दिवशी मळमळ गेली. एक भानगड राहिली, त्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून लिहितो: नवरा-बायकोच्या संबंधात इच्छा कमी होते. डॉक्टरांना विचारायला मला तीन भेटी लागल्या. त्यांनी सर्दीबद्दल बोलावं तसं उत्तर दिलं.

आता रजेचं. ज्यांना नोकरीमुळे दवाखाना टाळावासा वाटतो त्यांच्यासाठी जरा सविस्तर. २८ मार्च ते २६ एप्रिल, ३० दिवसांची परिवर्तित रजा टाकली. आपल्या रजेच्या खात्यावर दर वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा जमा होते. वैद्यकीय प्रमाणपत्रावर ती पूर्ण पगाराची करून घेता येते, फक्त खात्यातून दुप्पट दिवस जातात. म्हणजे ३० दिवसांना माझ्या ६० अर्धवेतनी गेल्या. मी डॉक्टरांना म्हणालो, टायफॉईड लिहा. त्यांनी नकार दिला. खोटं लिहिणार नाही, पण गरजेपेक्षा जास्तही लिहिणार नाही. माझ्या परवानगीशिवाय त्या कोणाला काही सांगणार नाहीत, २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेच तसं बंधन आहे, हेही सांगितलं. मग आजाराच्या रकान्यात लिहिलं: एफ ३२.१. आजारांच्या जागतिक यादीतला तो क्रमांक, मध्यम तीव्रतेचं डिप्रेशन.

अर्ज दोनदा परत आला. एकदा प्रमाणपत्रावर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक पुसट होता म्हणून. दुसऱ्यांदा बाबूंनी बोलावून घेतलं. "सर, हे एफ बत्तीस म्हणजे काय हो?" मी म्हणालो, "आजाराचा कोड आहे." ते म्हणाले, "आजार मोठा असेल, पॉइंटमध्ये आहे म्हणजे." आणि शिक्का मारला. प्रमाणपत्राच्या तीन झेरॉक्स काढा, नोंदणी क्रमांक तिथेच वाचून बघा. रुजू होताना फिटनेस प्रमाणपत्र वेगळं लागतं, ते शेवटच्या भेटीतच मागून घ्या, नाहीतर आणखी एक फेरी. रजा उन्हाळी सुट्टीला चिकटली की नवी भानगड, म्हणून मी २७ एप्रिलला हजर झालो.

रजेत समुपदेशन सुरू केलं, ७०० रुपये, ४५ मिनिटं, एकूण आठ बैठका. मला वाटलं होतं बालपण विचारतील. त्यांनी तक्ता करायला सांगितला. रोज दोन कामं, आधी ठरवून लिहायची, इच्छा असो नसो करायची, आणि झाल्यावर किती बरं वाटलं त्याला दहापैकी गुण. इच्छा आधी येत नाही, काम आधी करायचं, इच्छा मागून येते, असं त्यांचं म्हणणं. मी टाचणवहीच वापरली, रोजच्या पाठांची आखणी लिहायची ती. पहिला आठवडा: आंघोळ, एक. देवळापर्यंत चालणं, शून्य. आंघोळ, एक. तुळशीला पाणी, दोन. खाली सही करायचीही सवय जात नव्हती.

आणि निवडणूक. आमच्याकडे १३ मे २०२४ ला मतदान होतं आणि मला मतदान अधिकाऱ्याचा आदेश निघालेला. सूट मागायला गेलो. वैद्यकीय तपासणीच्या टेबलावर मला वरून खाली बघून "दिसता तर ठणठणीत" असं म्हटलं गेलं. पायाला प्लास्टर असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. फाईल दाखवली, अर्धा तास उभं ठेवलं, शेवटी राखीवमध्ये टाकलं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, १० तारखेला झाली, त्या दिवशी सांजोरी नुसती चाखली. १२ तारखेला साहित्य वाटपाच्या ठिकाणी मंडपात दिवसभर बसायचं होतं. खानदेशातला मे, पत्र्याखाली कूलरची गरम हवा, माईकवर सारखी नावं. दुपारी पुरी-भाजीचं पाकीट मिळालं. पुऱ्या वातड, भाजीत नुसतं पाणी. मी ते संपवलं आणि शेजारच्या सरांना विचारलं, "तुमच्या दोन पुऱ्या राहिल्यात, खाणार आहात का?" पुरी तोंडात असताना लक्षात आलं की मला भूक लागली आहे. पाच-सहा महिन्यांनी. औषध सुरू होऊन सत्तेचाळिसावा दिवस. सरांना वाटलं, उन्हाने माझे डोळे भरून आलेत. त्यांनी रुमाल दिला.

एकदम बरं झालो असं नाही. त्याच आठवड्यात दोन दिवस पुन्हा पंखा बघत पडलो. त्या कागदावरचे गुण १७ वरून ११, जुलैत ६. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वह्या त्याच दिवशी तपासायचा नियम केला, दहा-दहाच्या गठ्ठ्यात.

मोठी चूक ऑगस्टमध्ये केली. ११ ऑगस्टच्या रविवारी कानबाईचे रोट होते, आमच्या खानदेशातला सण, आम्ही मूळ गावी भाऊबंदांत चार दिवस राहिलो. गोळ्या घरी विसरल्या. मनात म्हटलं, बरा तर आहे. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखं, चक्कर, विनाकारण रडू. ते रडू आजाराचं नव्हतं, औषध अचानक तुटल्याचं होतं. तेव्हापासून एक पट्टी पाकिटात असते. पट्टीच्या मागे पेनाने तारखा लिहा, घेतली की नाही हा वाद मिटतो.

आईचा वाद मात्र वेगळा होता. सुरुवातीला ती म्हणाली होती, "डोकाना डाक्टरकडे? तू काय येडा व्हयी गया का?" बायकोने तिला जवळ बसवून थोरल्या काकांची आठवण काढली. आई बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, त्यालाही तेव्हा कोणी नेलं असतं तर. त्या दिवसापासून रात्री जेवण झालं की आतून हाक यायची, "मननी गोयी लिधी का?" म्हणजे मनाची गोळी घेतली का.

खर्च सांगतो. डॉक्टरांच्या अकरा भेटी ४,६००, समुपदेशन ५,६००, औषधं तेरा महिन्यांची सुमारे दीड हजार. पहिले दोन महिने कंपनीची पट्टी घेतली, मग डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रातली, निम्म्याहून कमी किमतीत तेच औषध. एवढंही झेपत नसेल तर जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात मनोविकार विभागाची ओपीडी असते, सकाळी लवकर जावं लागतं. जाताना तीन गोष्टी कागदावर लिहून न्या: झोप किती वाजता मोडते, कशात रस गेला, आणि तो विचार येतो का. तिथे बसल्यावर आठवत नाही. सोबत कोणीतरी न्या, कारण डॉक्टरांनी सांगितलेलं अर्धं मला बायकोनेच नंतर सांगितलं.

बरं वाटू लागल्यावरही सहा-नऊ महिने औषध चालू ठेवलं. फेब्रुवारी २०२५ अखेर १० वरून ५, मग एक दिवसाआड, मग २० एप्रिल. पुन्हा होऊ शकतं, डॉक्टरांनी लपवलं नाही. माझी खूण ठरली आहे: सलग आठवडाभर साडेतीनला डोळे उघडले तर नंबर लावायचा. बायकोची खूण वेगळी आहे, ती मला सांगत नाही.

गेल्या महिन्यात सेवापुस्तक बघायला मागितलं. नोंद झाली आहे: परिवर्तित रजा ३० दिवस, अर्धवेतनी ६० खर्ची. आजाराचं नाव कुठेच नाही. बाबूंनी विचारलं, "सर, ते एफ बत्तीस बरं झालं का?" मी सांगितलं, "झालं. डिप्रेशन होतं." त्यांनी पुस्तक मिटलं, इकडेतिकडे बघितलं आणि खुर्ची थोडी पुढे ओढली. "पहाटे जाग येते का हो त्यात?"